ऑगस्टाबाईचं पुढचं दार

त्या घराबाहेर आता पितळी पाटी लावली आहे. मला इंग्रजी भरभर वाचता येत नाही, म्हणून माझ्या मुलाने, प्रवीणने, ती वाचून दाखवली. घर कुणी बांधलं, विटा कसल्या, खिडक्यांच्या कमानी कशा दुर्मिळ, सगळं लिहिलंय. मी विचारलं, "मेलेल्या माणसांचं काय लिहिलंय?"

"तसं डायरेक्ट नाही लिहिलं, बाबा. 'समाजाच्या सेवेत' असं आहे."

समाजाच्या सेवेत म्हणे. तिथे काय पाणपोई होती?

ते काळ्या लोकांचं फ्युनरल होम होतं. आपल्याकडे माणूस गेला की शेजारीपाजारी जमतात, बांबू आणतात, तिरडी बांधतात. इथे मेलेला माणूस आधी दुकानात जातो. दुकानवाले त्याला धुतात, कपडे घालतात, पेटीत ठेवतात आणि मग घरच्यांना दाखवतात. हे मला माझी बायको शालन गेली तेव्हा कळलं. तोवर अमेरिकेत राहूनही कुणाचं मरण जवळून बघितलं नव्हतं.

शालन दवाखान्यातच वारली. प्रवीणने हायवेवरचं एक चकचकीत फ्युनरल होम शोधलं. तिथला माणूस हातात टॅब घेऊन बसला होता. म्हणाला, बॉडी मागच्या डॉकवर उतरेल. डॉक म्हणजे जिथे ट्रकमधून माल उतरतो ते. आंघोळ घरच्यांनी घालायची नाही, पॉलिसी आहे. प्रवीण मान डोलावत होता. मी इचलकरंजीला मागावर जॉबर होतो. कापडाचे तागे कसे उतरतात ते मी आयुष्यभर बघितलंय. मी उठून बाहेर आलो.

दवाखान्यात फरशी पुसणारी एक काळी बाई होती. शालनच्या खोलीत आली की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, भाषा नसताना. तिने प्रवीणला सांगितलं, "तुझ्या आईला मिस ऑगस्टाकडे ने. ती पुढच्या दाराने घेते." पुढच्या दाराचं काय एवढं, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

आम्ही राहतो नोव्हाय नावाच्या उपनगरात. ऑगस्टाबाईचं घर तिथून लांब, प्रवीणचा प्लांट आहे त्या जुन्या गावात. दुमजली विटांचं घर. पुढे दोन कवाडांचं रुंद दार आणि दारापासून रस्त्यापर्यंत विटांचा उतार. पायरी एकही नाही. ऑगस्टाबाई दारात उभी होती. माझ्याच वयाची, उंच, हाडकुळी, डोक्यावर काळी हॅट, हातात घडी घातलेले पांढरेशुभ्र हातमोजे. तिने प्रवीणला पहिला प्रश्न केला, "आईला कोण आंघोळ घालणार?"

प्रवीणने माझ्याकडे बघितलं. मी सुनेकडे बघितलं. रश्मी पुण्याची, आयटीतली. मेलेलं माणूस तिने आधी बघितलेलं नव्हतं. ती रडायला लागली. ऑगस्टाबाई म्हणाली, "रडा. पण बाह्या वर करा. पाणी गरम आहे."

दोघींनी मिळून शालनला आंघोळ घातली. हिरवी साडी नेसवली, बांगड्या भरल्या. शालन माझ्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून मळवट भरायचा होता. ऑगस्टाबाईने रबरी हातमोजा काढून बोटाने कुंकू लावून बघितलं आणि रश्मीला विचारलं, "एवढं पुरे की अजून?" भांग कुठे पाडायचा तेही विचारलं. केसाला तेल कुठलं लावायच्या, हेसुद्धा विचारलं. ही सगळी हकीकत रश्मीने मला नंतर सांगितली.

पण शालन आली ती वेळ मी स्वतः पाहिली. गाडी थांबली तसा बाईने दोन्ही हातांत मोजे चढवले आणि दोन्ही कवाडं सताड उघडली. समोर क्लीव्ह नावाच्या म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान. तो मशीन हातात घेऊन बाहेर आला. मागून गळ्यात कापड बांधलेली, अर्धे केस कापलेली गिऱ्हाइकं आली. सगळे फुटपाथवर रांगेत उभे राहिले, टोप्या काढून. कोण गेलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. इचलकरंजीत आमच्या गल्लीने शालनला एवढा मान दिला असता की नाही, मला शंका आहे. दुसऱ्या दिवशी स्मशानाकडे निघालो तेव्हा बाई गाडीत बसली नाही. गाडीच्या पुढे चालत राहिली, कोपऱ्यापर्यंत, ताठ, सावकाश. मागे गाड्या खोळंबल्या. कुणी हॉर्न दिला नाही.

त्यानंतर मी तिथे जायला लागलो. घरी बसून करायचं काय? प्रवीण कामाला जाताना मला तिथे सोडायचा, येताना घ्यायचा. आपली माणसं म्हणायची, काका कुठे जाऊन बसतात, यार, देवळात जायचं सोडून. देवळात जाऊन बघितलं मी. तिथे सगळे विचारतात, "जेवण झालं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात. मी जिथे शालनला शेवटचं बघितलं तिथे बसत होतो. यात कुणाला काय खुपायचं होतं?

मागाच्या खडखडाटात माझे कान गेलेत, म्हणून मी ओरडून बोलतो. घरात रश्मी बोटाने "हळू, बाबा" करते. फ्युनरल होममध्ये तर सगळे कुजबुजतात. मी पहिल्या दिवशी तिथे मोठ्याने बोललो आणि एकदम ओशाळलो. बाई म्हणाली, "बोला, मिस्टर माने. इथल्या कुणाची झोप मोडत नाही."

कुणालाही नुसत्या नावाने हाक मारायची नाही, हा तिचा नेम. क्लीव्ह तिच्यापुढे लहानाचा म्हातारा झाला, तरी मिस्टर क्लीव्ह. मेलेल्यांनाही तसंच. 'बॉडी' हा शब्द त्या घरात कुणी काढला की ती विचारायची, "कुणाबद्दल बोलताय?" समोरचा नाव सांगेपर्यंत पुढे बोलायची नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "माझ्या आजोबांना गोऱ्यांची पोरं नावाने हाक मारायची. आजोबांची दाढी पांढरी झाली तरी. म्हणून आजोबांनी घरात नियम केला."

स्वभावाने गोड वगैरे नव्हती. कॉफी पाण्यासारखी करायची, वर विचारायची, "कशी झाली?" लिलीची फुलं आणणाऱ्याला तोंडावर सांगायची की वास सहन होत नाही, बाहेर ठेवा. एका अंत्यविधीत एक नातू पेटीजवळ उभा राहून फोनवर स्वतःचं शूटिंग करत होता. हिने त्याच्या हातातून फोन काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्स खटकन बंद केली. पुरून परत येईपर्यंत दिला नाही. पोरगा मागे मागे फिरत होता. "माझे कॉल येतात त्यावर." "तुमच्या आजीला आज एकही येणार नाहीये. तिच्यासाठी थांबा जरा."

मी तिला आणि क्लीव्हला आपलं पाच-तीन-दोन शिकवलं. तिघांचाच खेळ, आणि तिघेच होतो. जास्त झालेले हात पुढच्या डावात समोरच्याकडून ओढून घ्यायचे, हे तिला फार आवडलं. ओढताना माझी चांगली पानं बरोबर हुडकायची. मी म्हणायचो, "तुम्ही मागच्या आरशात बघता." ती म्हणायची, "आरसा आजोबांनी लावलाय, तक्रार त्यांच्याकडे करा." क्लीव्ह म्हणायचा, "ही मेल्यावर हिची पेटी मी उघडून बघणार आहे. हुकमाचे एक्के सापडतील."

एकदा एक बेवारस माणूस आला. रस्त्यावर गेलेला, कुणीच नाही. मला वाटलं, याचं लवकर आटपेल. पण तेच हातमोजे, तीच दोन्ही कवाडं. क्लीव्हने त्याची दाढी केली, तर त्याच्यावरही ओरडली, "जिवंत गिऱ्हाइकाची अशी अर्धवट केली असती का?" मग मला आणि क्लीव्हला पुढच्या खोलीत पहिल्या रांगेत बसवलं. मी विचारलं, "हा कोण?" म्हणाली, "मिस्टर हॅरल्ड. आज तुम्ही दोघे त्यांचे नातेवाईक. नीट बसा." बसलो. थोड्या वेळाने मला रडू आलं. मिस्टर हॅरल्डसाठी आलं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी तिने दाराची गोष्ट सांगितली. तिच्या आजोबांच्या काळात गावातले गोरे दुकानवाले काळ्यांचे मुडदे घ्यायचेच नाहीत. घेतले तर मागच्या गल्लीतून, जिथून कोळसा यायचा तिथून. तिचे आजोबा सुतार. त्यांनी हे घर बांधलं आणि म्हणाले, इथे माणूस पुढच्या दाराने येईल आणि पुढच्या दाराने जाईल, दिवसाउजेडी, सगळ्या रस्त्यासमोर. आधी पायऱ्या होत्या. एका हिवाळ्यात बर्फावरून खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि एका बाळंतिणीची पेटी पायऱ्यांवर आपटली. आजोबांनी त्याच वसंतात पायऱ्या फोडल्या आणि स्वतः विटांचा उतार बांधला. "त्यानंतर या दारात कुणी पडलं नाही," ती म्हणाली. "मीही इथूनच जाणार. माझ्या आईसारखी. एवढंच मागणं आहे माझं. बाकी देवाने जे द्यायचं ते दिलंय, काढायचं ते काढलंय."

पण धंदा बसत चालला होता. जुनी माणसं मरत होती, ती हिच्याकडे यायची. त्यांची पोरं लांब राहायला गेली. त्यांना हायवेवरचं बरं पडायचं, पार्किंग असतं. हिच्या पाठी कुणी नव्हतं. एक भाचा अटलांटात, त्याला यात रस नव्हता. छत गळायला लागलं. पुढच्या खोलीत पेटीशेजारी बादली ठेवायची वेळ आली. बाई पेटी हलवायची, बादली नाही. म्हणायची, "पाणी त्याच जागी पडतं, त्याला कळत नाही."

मग जुन्या वास्तू जपणारी जतन समिती आली. चांगली माणसं, असं सगळे म्हणायचे. मीही म्हटलं होतं. काही गोरे, काही काळे, सगळे शिकलेले. भिंतींवर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणायचे. समितीची मुख्य बाई म्हणाली, "हे घर वाचलंच पाहिजे. आमच्या लोकांचा इतिहास आहे हा." ऑगस्टाबाईने विचारलं, "घर वाचेल. पण माणसं येतील का?"

"येणार ना! शाळांच्या सहली येतील, टूर येतील."

"मी मेलेल्या माणसांचं विचारतेय."

खोलीत सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे. मग समजावलं. घराचं म्युझियम होणार, त्यात तो व्यवसाय चालवता येणार नाही, कायदा आहे, विमा आहे. बाई म्हणाली, धंदा नको मला. पुढची एक खोली सोडा. गावातल्या कुणाला आपलं माणूस शेवटचा तासभर इथे आणायचं असेल, तर आणू द्या. पुढच्या दाराने आत, पुढच्या दाराने बाहेर. मुख्य बाईने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, "मिस ऑगस्टा, पुढची खोली समाजासाठीच राहील. आणि दाराला तर आम्ही जिवापाड जपू." बाईने घर दिलं. छत पावसाळी ढगासारखं लोंबत होतं. नसतं दिलं तर काय केलं असतं?

दुरुस्तीला सुरुवात झाली आणि हिवाळ्यात बाई घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. उपचाराच्या ठिकाणी पडून राहिली, आणि मग चाकाची खुर्ची आली. मी आणि क्लीव्ह तिथे जाऊन पाच-तीन-दोन खेळायचो. दर वेळी विचारायची, "माझं दार कसं आहे?" क्लीव्ह म्हणायचा, "रंग देतायत."

एका दुपारी मी त्या रस्त्याने गेलो तर उतार फोडत होते. दोन कामगार, हातात ड्रिल. आजोबांच्या विटा गाडीत फेकत होते. मी मराठीत ओरडलो. त्यांना वाटलं, काहीतरी विचारतोय. एकाने मला नकाशा दाखवला. त्यात पायऱ्या होत्या. क्लीव्ह समोरून धावत आला, गिऱ्हाईक तसंच खुर्चीत टाकून. आम्ही दोघे समितीच्या ऑफिसात गेलो. मुख्य बाईने जुना फोटो काढून दाखवला. घर नवीन बांधलं तेव्हाचा. "बघा," ती म्हणाली, "मुळात पायऱ्याच होत्या. उतार नंतरचा आहे. आम्हाला घर मूळ रूपात न्यायचंय. पैसे त्याच अटीवर मिळालेत."

क्लीव्ह म्हणाला, "त्या फोटोत मीही नाही. मी जाऊ का?"

तिला राग आला नाही. तिने समजूतदारपणे मान हलवली. अशा माणसांशी भांडता येत नाही, ती आपलं ऐकून घेतात आणि मग जे करायचं तेच करतात. मी प्रवीणला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, इट्स देअर हेरिटेज. आपण काय बोलणार?" मी म्हटलं, "तुझी आई त्या उतारावरून आत गेलीय, मग आपलं काहीच नाही का तिथे?"

पुढच्या वेळी बाईने दाराचं विचारलं आणि क्लीव्ह पुन्हा रंगाचं बोलायला लागला. मी मध्येच म्हणालो, "उतार तोडला. पायऱ्या केल्या. दाराचं एक कवाड खिळवून टाकलंय." तिने पानं उलटी ठेवली. "खोटं बोलताय, मिस्टर माने." मग तिने फोन मागवला. किती जणांशी बोलली, किती दिवस बोलली. प्रत्येकाने सांगितलं, "उद्घाटन होऊ द्या, मग बघू. आणि व्हीलचेअरसाठी मागच्या बाजूला फार सुंदर रॅम्प केलाय."

मागच्या बाजूला. म्हणजे गल्लीत. जिथून एकेकाळी कोळसा यायचा, तिकडून.

ती पुढच्या थंडीत गेली. तिचं स्वतःचं फ्युनरल होम उरलं नव्हतं. भाच्याने अटलांटातून फोनवर हायवेवरचंच बुक केलं. मी आणि क्लीव्ह गेलो. टॅबवाल्या माणसाने विचारलं, "तुमचं नातं?" क्लीव्ह म्हणाला, "समोरचा दुकानदार." तिला डॉकने आत घेतलं. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. पेटीतल्या तिच्या हातात मोजे नव्हते, कुणाला सुचलं नाही.

आता त्या घरात कार्यक्रम होतात. हॉल भाड्याने मिळतो. आपल्या मंडळातल्या बायकांनी तिथे हळदीकुंकू ठेवलं. हेरिटेज व्हेन्यू आहे, काका, फोटो सुंदर येतात, म्हणे. रश्मी गेली नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणाली, बरं नव्हतं. त्या दिवशी मला ती सून आवडली.

पण ऑगस्टाबाई मला आठवते ती पेटीतली नाही. आठवते ती उद्घाटनाच्या दिवशीची.

बँड होता, फीत होती, आजोबांचा भला मोठा फोटो होता. लोक पायऱ्या चढून आत चालले होते. बाई व्हॅनमधून उतरली, चाकाच्या खुर्चीत. तीच काळी हॅट. हातात पांढरे मोजे. ते मोजे ती फक्त गेलेलं माणूस यायचं असलं की घालायची आणि ते माणूस आत नीट पोहोचलं की मगच काढायची.

मुख्य बाई हसत खाली आली. "मिस ऑगस्टा, सगळे वाट बघतायत. चला, मागून घेऊन जाते, लिफ्टसुद्धा आहे."

"मागून कोण जातं?"

"आम्हीही तिकडूनच—"

"मी विचारलं, या घरात मागून कोण जातं?"

मुख्य बाई लाल झाली. ऑगस्टाबाईच्या चर्चमधले दोघे पुढे आले. म्हणाले, आम्ही खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवतो. क्लीव्हनेही बाह्या सरसावल्या. बाईने हात वर केला. "उचलून न्यायची वेळ आली की न्या. आज मी जिवंत आहे."

तिने खुर्ची दारासमोर, फुटपाथच्या मधोमध लावायला सांगितली. ब्रेक लावला. आत भाषणं सुरू झाली. तिच्या आजोबांचं नाव, टाळ्या. तिचं नाव, जास्त टाळ्या. कुणीतरी बाहेर येऊन तिला कागदी डिशमध्ये केक दिला. तिने तो माझ्याकडे दिला. मी तो धरून उभा राहिलो, टाकायला जागा नव्हती. दाराजवळ बॅज लावलेली एक पोरगी होती. बाईने तिला हाक मारली, "मिस, ते दुसरं कवाड उघडा."

पोरीने लांबूनच सांगितलं, "ते उघडत नाही, मॅम. फिक्स केलंय."

बाईने मान हलवली. बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो, पण मला हिरव्या साडीतली शालनच दिसत होती, त्या नसलेल्या उतारावरून आत जाणारी. आत पुन्हा टाळ्या झाल्या, कुणीतरी मोठ्याने हसलं. मग बाईने हातमोजे काढले. एकेक बोट ओढून, सावकाश. पर्समध्ये ठेवले. पर्स खटकन बंद केली.

"चला, मिस्टर क्लीव्ह," ती म्हणाली. "आत कुणी नाही."